सेवा-श्वान, सोबती प्राणी आणि कायदा

अमेरिकेतील एखाद्या उपाहारगृहाच्या दारावर 'कुत्र्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असली, तरी अंध ग्राहकाला वाट दाखविणाऱ्या श्वानाला ती लागू होत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो श्वान पाळीव प्राणी नसून, पांढरी काठी किंवा चाकाची खुर्ची यांच्याच पंक्तीत बसणारे साहाय्य आहे. त्याच उपाहारगृहात दुसरा ग्राहक आपल्या कुत्र्याला घेऊन आला आणि 'हा जवळ असला की मन शांत राहते' एवढेच म्हणाला, तर मालक त्या कुत्र्याला बाहेर ठेवण्यास सांगू शकतो. हाच दुसरा ग्राहक ज्या इमारतीत भाड्याने राहतो, तेथे मात्र घरमालकाला त्या कुत्र्याचा विचार वेगळ्या नियमाने करावा लागतो. विमानात बसताना तिसराच नियम पुढे येतो.

प्राणी तोच, मालक तोच आणि तरीही स्थळानुसार हक्क बदलतो. या विषयातील बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांचा या नियमांशी भाडेकरू, विद्यार्थी, विमानप्रवासी, दुकानदार किंवा उपाहारगृहचालक या नात्याने संबंध येतोच. शिवाय अमेरिकी संकेतस्थळांवर मिळणारी 'प्रमाणपत्रे' भारतातील गृहनिर्माण संस्थांच्या वादातही पुढे केली जाऊ लागली आहेत. त्यामुळे हा कायदा नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

तीन वेगळ्या संज्ञा

पहिली संज्ञा सेवा-प्राण्याची. दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक काम करण्याचे प्रशिक्षण ज्याला दिलेले आहे, तो सेवा-प्राणी. अंध व्यक्तीला रस्ता दाखविणे, कर्णबधिर व्यक्तीला दारावरची घंटा वा धोक्याचा भोंगा वाजल्याची जाणीव करून देणे, चाकाची खुर्ची ओढणे, खाली पडलेली वस्तू उचलून देणे, अपस्माराचा झटका आल्यास व्यक्तीचे रक्षण करणे, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला औषधाच्या वेळेची आठवण देणे, ही अशा कामांची उदाहरणे होत.

दुसरी संज्ञा भावनिक आधार देणाऱ्या प्राण्याची. नैराश्य, तीव्र चिंता किंवा तत्सम विकार असलेल्या व्यक्तीला ज्याच्या केवळ सहवासाने दिलासा मिळतो, असा हा प्राणी. त्याला विशेष कामाचे प्रशिक्षण असण्याची अट नाही आणि तो कुत्राच असला पाहिजे, असेही नाही.

तिसरी संज्ञा उपचार-प्राण्याची. रुग्णालये, वृद्धाश्रम, विशेष मुलांच्या शाळा आदी ठिकाणी प्रशिक्षित व्यक्तीबरोबर जाऊन अनेकांना आनंद व आधार देणारा हा प्राणी असतो. तो एका विशिष्ट दिव्यांग व्यक्तीचा सेवक नसतो. त्यामुळे त्याला मिळणारा प्रवेश हा हक्क नसून संबंधित संस्थेच्या परवानगीचा भाग असतो.

पहिल्या दोन संज्ञांमधील सीमारेषा मानसिक आजारांच्या बाबतीत बारीक आहे. चिंतेचा झटका येणार असल्याचे ओळखून, तो टाळण्यासाठी किंवा सौम्य करण्यासाठी ठरावीक कृती करण्यास शिकविलेला कुत्रा सेवा-श्वान ठरतो. त्याच व्यक्तीला कुत्रा नुसता शेजारी बसल्याने बरे वाटत असेल, तर तो भावनिक आधार देणारा प्राणी ठरतो. कसोटी आजाराच्या नावाची किंवा त्याच्या तीव्रतेची नाही. प्राण्याला शिकविलेल्या कामाची आहे.

युद्धातील अंधांपासून सुरुवात

मार्गदर्शक श्वानांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची सुरुवात जर्मनीत झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे अशा श्वानांची शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये श्वान-प्रशिक्षण करणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकी महिलेने १९२७ साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या नियतकालिकात या कार्याविषयी लेख लिहिला. तो ऐकून नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांच्याशी संपर्क साधला. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला जाऊन 'बडी' नावाची श्वान घेऊन परतला आणि १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. पुढे ती न्यू जर्सी राज्यात गेली. आज मॉरिसटाउन परिसरात तिचे केंद्र आहे.

प्रशिक्षित श्वान मिळाला तरी त्याच्यासह आगगाडीत, हॉटेलात वा दुकानात प्रवेश मिळेलच, याची शाश्वती नव्हती. तो हक्क प्रथम राज्यांच्या कायद्यांतून हळूहळू मिळत गेला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाने केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थांना भेदभावास मनाई केली. २६ जुलै १९९० रोजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट' अस्तित्वात आला आणि खासगी दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे, दवाखाने हेही कायद्याच्या कक्षेत आले. हा कायदा 'एडीए' या संक्षेपाने ओळखला जातो.

दुकानदाराला दोनच प्रश्न

आरंभीच्या नियमांत सेवा-प्राण्याची व्याख्या व्यापक होती. न्याय विभागाने २०१० साली ती सुधारली आणि १५ मार्च २०११ पासून 'एडीए'च्या या नियमांपुरता सेवा-प्राणी म्हणजे केवळ कुत्रा, असे ठरले. जात कोणतीही चालते. त्याला एक अपवाद स्वतंत्र कलमाने ठेवण्यात आला आहे, तो छोट्या जातीच्या घोड्याचा. साधारणतः २४ ते ३४ इंच उंची आणि ७० ते १०० पौंड वजन असलेल्या प्रशिक्षित घोड्याला, जागा व सुरक्षितता पाहून, शक्य तेथे प्रवेश द्यावा, असे हे कलम सांगते. कुत्र्यांची भीती किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या आणि तरीही मार्गदर्शकाची गरज असलेल्या व्यक्तींना त्याचा उपयोग होतो.

कुत्रा कोणत्या कामासाठी आहे, हे दिसण्याजोगे नसेल, तर कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात. दिव्यांगत्वामुळे हा सेवा-श्वान आवश्यक आहे का, हा पहिला. त्याला कोणते काम वा कृती शिकविली आहे, हा दुसरा. आजार कोणता, डॉक्टरांचे पत्र कोठे आहे, ओळखपत्र दाखवा, कुत्र्याला ते काम आता करून दाखवायला सांगा, यांपैकी काहीही विचारता येत नाही. अंध व्यक्तीला कुत्रा रस्ता दाखवीत असल्याचे उघड दिसत असेल, तर वरील दोन प्रश्नही अनावश्यक ठरतात.

कुत्र्याच्या अंगावर विशिष्ट रंगाचे जाकीट असलेच पाहिजे, अशी अट नाही. सेवा-श्वानांची कोणतीही राष्ट्रीय नोंदवही नाही. प्रशिक्षण व्यावसायिक संस्थेकडूनच घेतले पाहिजे, असेही नाही. मालकाने स्वतः शिकविलेला श्वानही कायद्याला मान्य आहे. मात्र ज्याचे प्रशिक्षण अद्याप चालू आहे, अशा श्वानाला 'एडीए'खाली प्रवेशाचा हक्क नाही. अनेक राज्यांनी तो आपल्या कायद्यांतून दिला आहे.

श्वानासह आलेल्या ग्राहकाला वेगळ्या कोपऱ्यात बसविता येत नाही. हॉटेलात त्याला 'प्राण्यांसाठी राखीव' खोलीच घेण्याची सक्ती करता येत नाही. इतर पाहुण्यांकडून प्राण्यासाठी जादा आकार घेतला जात असला, तरी तो येथे माफ करावा लागतो. प्रत्यक्ष नुकसान झाल्यास, इतर पाहुण्यांकडून अशी भरपाई घेण्याची पद्धत असेल तर ती मागता येते. दुसऱ्या ग्राहकाला कुत्र्याची अ‍ॅलर्जी वा भीती असणे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. दोघांना लांब बसविणे, हा त्यावरचा मार्ग मानला जातो.

कोठे थांबविता येते?

हा हक्क निरंकुश मात्र नाही. श्वान पट्ट्याने बांधलेला असावा लागतो. पट्ट्यामुळे त्याच्या कामात अडथळा येत असेल किंवा मालकाला दिव्यांगत्वामुळे पट्टा धरणे शक्य नसेल, तर आवाजाने वा खुणेने तो ताब्यात राहिला पाहिजे. श्वान अनावर झाला आणि मालकाने त्याला आवरले नाही किंवा त्याला स्वच्छतेची शिस्त नसेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. अशा वेळी ग्राहकाला श्वानाविना सेवा घेण्याची संधी द्यावी लागते. श्वानाला खाऊ घालणे, फिरविणे, त्याची स्वच्छता राखणे ही जबाबदारी पूर्णतः मालकाची असते.

रुग्णालयात तपासणीची खोली, रुग्णकक्ष, उपाहारगृह येथे श्वान जाऊ शकतो. शस्त्रक्रियागृह किंवा भाजलेल्या रुग्णांचा विभाग अशा निर्जंतुक जागी त्याला मनाई करता येते. पोहण्याच्या तलावाच्या काठापर्यंत तो येऊ शकतो. पाण्यात उतरविण्याचा हक्क नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक अपवाद महत्त्वाचा आहे. धार्मिक संस्थांना 'एडीए'च्या सार्वजनिक सेवांविषयीच्या तरतुदी लागू नाहीत. त्यामुळे मंदिरात सेवा-श्वानाला प्रवेश द्यावयाचा की नाही, हे या कायद्यापुरते मंदिराच्या विश्वस्तांवर अवलंबून राहते. सर्वांसाठी खुला असलेला आणि धार्मिक संस्थेने न भरविलेला सांस्कृतिक कार्यक्रम एखाद्या सार्वजनिक शाळेच्या सभागृहात होत असेल, तर आयोजकांना ही सूट आपोआप मिळते, असे समजू नये.

नियम मोडल्यास न्याय विभागाकडे तक्रार करता येते किंवा न्यायालयात दाद मागता येते. खासगी दाव्यात 'एडीए'खाली मनाई हुकूम व वकिलाचा खर्च मिळू शकतो, नुकसानभरपाई मिळत नाही. काही राज्यांचे कायदे त्याहून कडक आहेत. कॅलिफोर्नियात अशा भेदभावाबद्दल किमान ४,००० डॉलर भरपाईची तरतूद आहे. भाड्याच्या मोटारींच्या बाबतीत तक्रारी विशेषत्वाने येतात. 'उबर'च्या चालकांनी मार्गदर्शक श्वानामुळे वारंवार नाकारलेल्या एका अंध महिलेला २०२१ साली लवादाने सुमारे ११ लाख डॉलर देवविले. चालक आमचे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, हा कंपनीचा बचाव लवादाने ग्राह्य धरला नाही.

भाड्याचे घर आणि वसतिगृह

घराच्या बाबतीत 'फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट' हा १९६८ चा कायदा लागू होतो. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांगत्वाचा समावेश झाला. दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणे घराचा उपभोग घेता यावा यासाठी नियमांत 'वाजवी सवलत' नाकारणे, हा या कायद्याने भेदभाव ठरतो. 'प्राणी पाळण्यास मनाई' हा इमारतीचा नियम असला, तरी दिव्यांगत्वामुळे प्राण्याची गरज असलेल्या भाडेकरूला सवलत मागता येते. येथे प्रशिक्षणाची अट 'एडीए'प्रमाणे काटेकोर न ठेवता भावनिक आधार देणाऱ्या प्राण्यांचाही समावेश होतो, असा अर्थ गेली अनेक वर्षे लावण्यात आला आहे. असा प्राणी पाळीव समजला जात नसल्याने पाळीव प्राण्यासाठीचे जादा भाडे वा अनामत त्याला लावू नये, असेही त्यातून निघते. त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई मात्र भाडेकरूला द्यावी लागते.

घरमालकाच्याही काही बाजू आहेत. दिव्यांगत्व वा प्राण्याची गरज उघड दिसत नसेल, तर तो विश्वासार्ह माहिती मागू शकतो. सामान्यतः उपचार करणाऱ्या परवानाधारक तज्ज्ञाचे पत्र दिले जाते. संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रांची मागणी करणे मात्र योग्य ठरत नाही. विशिष्ट प्राण्यापासून इतरांना प्रत्यक्ष धोका असेल किंवा सवलतीमुळे अवाजवी बोजा पडत असेल, तर नकार देता येतो. अमुक जातीचा कुत्रा धोकादायकच असतो, हा सरसकट तर्क त्यासाठी पुरेसा नाही. मालक स्वतः राहत असलेल्या आणि चारपेक्षा अधिक घरे नसलेल्या इमारतींना, तसेच दलालाविना भाड्याने दिलेल्या काही स्वतंत्र घरांना केंद्रीय कायद्यातून सूट आहे. राज्याचा कायदा तेथेही लागू होऊ शकतो.

गृहनिर्माण विभागाने २०१३ व २०२० साली याविषयी मार्गदर्शक परिपत्रके काढली होती. अशी परिपत्रके म्हणजे कायदा नव्हे. प्रशासन बदलले की ती बदलतात वा मागे घेतली जातात आणि मग भाडेकरूला मूळ कायदा व न्यायालयांचे निकाल यांवरच विसंबावे लागते. घरभाड्याच्या करारापूर्वी स्थानिक भाडेकरू साहाय्य केंद्राकडून प्रचलित स्थिती जाणून घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

विद्यार्थ्यांसाठी नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी येथील केंद्राचे प्रकरण उल्लेखनीय आहे. चिंताविकार असलेल्या विद्यार्थिनीला विद्यापीठाच्या निवासस्थानात कुत्रा ठेवण्यास नकार मिळाला. विद्यार्थ्यांची निवासस्थाने ही 'घरे' असल्याने गृहनिर्माण कायदा त्यांना लागू होतो, असा निर्णय केंद्रीय न्यायालयाने २०१३ साली दिला. २०१५ साली विद्यापीठाने १,४०,००० डॉलर देण्याचे मान्य करून प्रकरण मिटविले. तरीही वसतिगृहातील खोलीत राहू शकणारा हा प्राणी वर्गात वा ग्रंथालयात नेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तेथे सेवा-श्वानाचाच नियम चालतो.

कार्यालय व शाळा

१५ वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना 'एडीए'चा नोकरीविषयक भाग लागू होतो. येथे कर्मचाऱ्याचा श्वान थेट आत येऊ शकत नाही. तशी सवलत मागावी लागते. मालकाला गरजेविषयी वैद्यकीय माहिती मागण्याची मुभा आहे आणि दोघांनी चर्चेतून व्यवहार्य मार्ग काढावा, अशी अपेक्षा आहे. या भागात सेवा-प्राण्याची स्वतंत्र व्याख्या नसल्याने भावनिक आधाराच्या प्राण्याचीही मागणी करता येते. ती मान्य होईलच, असे नाही.

शाळांच्या संदर्भात 'फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स' हा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा मानला जातो. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित बालिकेला तिचा प्रशिक्षित श्वान शाळेत आणू देण्यास मिशिगनमधील शाळेने नकार दिला होता. मुलीला मदतीसाठी माणूस दिलेला आहे, मग श्वान कशाला, असा शाळेचा युक्तिवाद होता. तक्रार योग्य शिक्षण न मिळाल्याची नसून दिव्यांगत्वावरून झालेल्या भेदभावाची असेल, तर विशेष शिक्षण कायद्याखालील प्रशासकीय सोपस्कार आधी पूर्ण करण्याची सक्ती नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

विमानप्रवासातील बदल

विमानप्रवासाला १९८६ चा 'एअर कॅरिअर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट' लागू होतो. पूर्वी या कायद्याच्या नियमांनुसार भावनिक आधाराचे प्राणीही केबिनमध्ये विनामूल्य नेता येत. त्यातून बदके, डुकरे, माकडे विमानतळावर येऊ लागली. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका महिलेने मोर नेण्याचा आग्रह धरला आणि विमान कंपनीने तो नाकारला, तेव्हा या प्रश्नाची जगभर चर्चा झाली. विनोदाचा भाग सोडला, तरी अप्रशिक्षित प्राण्यांनी प्रवाशांना, कर्मचाऱ्यांना आणि खऱ्या मार्गदर्शक श्वानांनाही चावल्याच्या तक्रारी होत्या. अंधांसाठी ही बाब गंभीर होती. हल्ल्याने घाबरलेला श्वान कामाला कायमचा निरुपयोगी ठरू शकतो.

वाहतूक विभागाने डिसेंबर २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले. ११ जानेवारी २०२१ पासून विमानात सेवा-प्राणी म्हणजे प्रशिक्षित कुत्राच, असे ठरले आणि भावनिक आधाराच्या प्राण्यांना पाळीव प्राण्यांप्रमाणे वागविण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. मानसिक आजारासाठी प्रशिक्षित श्वानाला मात्र मार्गदर्शक श्वानाइतकाच दर्जा आहे. कंपनी विभागाने ठरविलेला अर्ज मागू शकते. त्यात श्वानाचे आरोग्य, प्रशिक्षण व वर्तन यांची हमी प्रवाशाने द्यावयाची असते. आठ तास वा त्याहून लांब उड्डाणासाठी श्वान मलमूत्र रोखू शकतो किंवा स्वच्छता राखून विसर्जन करू शकतो, असा आणखी एक अर्ज असतो. हे अर्ज ४८ तास आधी मागता येतात. एका प्रवाशाला दोन सेवा-श्वान नेता येतात. श्वान प्रवाशाच्या पायाशी मावला पाहिजे. खोटी माहिती देणे हा गुन्हा ठरू शकतो.

अमेरिकेत येणाऱ्या व तेथून निघणाऱ्या विदेशी कंपन्यांच्या उड्डाणांनाही हे नियम लागू आहेत. मुंबईहून जाणाऱ्यांनी रेबीजविषयक अटीही पाहाव्यात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचीत भारत हा श्वानदंशातून होणाऱ्या रेबीजचा अधिक धोका असलेला देश आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार श्वान किमान सहा महिन्यांचा असावा, त्याला मायक्रोचिप असावी आणि विहित अर्ज भरलेला असावा. लसीकरण भारतात झाले असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते आणि ठरावीक विमानतळांवरच उतरता येते. सेवा-श्वान म्हणून यातून सरसकट सूट मिळत नाही. भारतात श्वान आणताना केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेची परवानगी आवश्यक असते.

प्रमाणपत्रांचा बाजार

इंटरनेटवर काही डॉलर भरून 'नोंदणीकृत सेवा-श्वान' असे ओळखपत्र, जाकीट व प्रमाणपत्र घरपोच मागविता येते. अधिकृत नोंदवहीच अस्तित्वात नसल्याने या कागदांना 'एडीए'खाली काहीही किंमत नाही. फसवणुकीला आळा घालण्यासाठी अनेक राज्यांनी कायदे केले आहेत. कॅलिफोर्नियात प्रशिक्षित श्वानाचा मालक असल्याचा खोटा दावा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फ्लोरिडात २०१५ पासून हा गुन्हा ठरला असून ३० तासांच्या समाजसेवेचीही तरतूद आहे. भावनिक आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देण्यापूर्वी तज्ज्ञाचे त्या व्यक्तीशी किमान ३० दिवसांचे उपचार-नाते असले पाहिजे, असा नियम कॅलिफोर्नियाने २०२२ पासून लागू केला.

खोट्या जाकिटाची किंमत अखेर खऱ्या गरजवंताला मोजावी लागते. एकदा फसलेला दुकानदार पुढच्या अंध ग्राहकाकडेही संशयाने पाहतो. दुसरीकडे, कागदपत्रांची सक्ती केली, तर दिव्यांग व्यक्तीला प्रत्येक दारात आपले दिव्यांगत्व सिद्ध करीत बसावे लागेल. 'दोनच प्रश्न' हा नियम या दोन टोकांमधील तडजोड आहे. त्यात लबाडीला वाव राहतो, हे मान्य करूनच तो केलेला आहे.

भारतात काय स्थिती?

भारतात सेवा-श्वानांसाठी स्वतंत्र कायदा नाही. प्रशिक्षित मार्गदर्शक श्वानही अत्यंत विरळ आहेत. प्रशिक्षण संस्थांचा अभाव, पदपथांची अवस्था, रहदारी आणि भटके कुत्रे ही त्यामागची कारणे सहज दिसतात. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये श्वानाचा उल्लेख नाही. तथापि त्यात भेदभावास मनाई असून 'वाजवी सोयी'ची संकल्पना आहे. ही सोय केवळ ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरती मर्यादित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात २०२१ साली स्पष्ट केले. अधिनियमाच्या भंगाबद्दल प्रथम १०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा भंग केल्यास ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्यात 'सजीव साहाय्य' उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर टाकले आहे आणि कराराच्या फ्रेंच मसुद्यात तर प्राण्यांच्या साहाय्याचा शब्दशः उल्लेख आहे. अमेरिकेने या करारावर २००९ साली स्वाक्षरी केली; सिनेटची मान्यता मात्र मिळाली नाही. म्हणजे करार स्वीकारलेल्या देशात तपशीलवार नियम नाहीत आणि न स्वीकारलेल्या देशात ते आहेत, अशी ही विसंगती आहे. प्रवेश नाकारला गेल्यास मार्गदर्शक श्वान ही वाजवी सोय असल्याचा युक्तिवाद भारतात करता येईल. त्यासाठी पुणे येथील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याचा मार्ग खुला आहे.

भावनिक आधाराच्या प्राण्याला भारतात कोणताही कायदेशीर दर्जा नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात वा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तशी संज्ञा नाही. अमेरिकी संकेतस्थळावरील प्रमाणपत्र सोसायटीच्या सचिवांपुढे ठेवून काहीही साधत नाही.

तरीही सोसायटीतील प्राणिपालक असहाय नाहीत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, तसेच लिफ्ट वापरण्यास मनाई वा त्यासाठी जादा आकार लावता येत नाही. रहिवासी संघाच्या उपविधींतील अशी बंदी अवैध असल्याचा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. महाराष्ट्रात तो बंधनकारक नसला, तरी आधारभूत म्हणून मांडता येतो. हा हक्क प्राणी पाळण्याचा आहे, दिव्यांगत्वाशी त्याचा संबंध नाही. त्याबरोबर महापालिकेचा परवाना, रेबीज लस आणि स्वच्छता ही कर्तव्येही येतात.

रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे वा केबिन आरक्षित केल्यास कुत्रा सोबत नेता येतो. काही विमान कंपन्या अंध वा कर्णबधिर प्रवाशाच्या प्रशिक्षित श्वानाला पूर्वसूचनेने केबिनमध्ये नेऊ देतात. उपाहारगृहे, चित्रपटगृहे, रुग्णालये यांविषयी मात्र स्पष्ट नियम नाही. तेथे सारे दारावरच्या माणसाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

हे लक्षात ठेवा

* अमेरिकेत दुकान, हॉटेल, दवाखाना येथे प्रशिक्षित सेवा-श्वानालाच प्रवेशाचा हक्क. भावनिक आधाराच्या प्राण्याला नाही.

* व्यवसायचालकाने दोनच प्रश्न विचारावेत. कागदपत्रे, आजाराचे नाव वा प्रात्यक्षिक मागू नये.

* भाड्याच्या घरासाठी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे पत्र उपयोगी. प्राणी आणण्यापूर्वी लेखी अर्ज करावा व उत्तर जपून ठेवावे.

* विमानासाठी अर्ज आधी भरावेत. २०२१ पूर्वीच्या माहितीवर विसंबू नये.

* संकेतस्थळावरील 'नोंदणी'वर पैसे खर्च करू नयेत.

* भारतात 'भावनिक आधार' प्रमाणपत्राला मान्यता नाही. सोसायटीशी वाद झाल्यास प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांचा आधार घ्यावा. दिव्यांग व्यक्तीने २०१६ च्या अधिनियमाचा आधार घ्यावा.

* काम करीत असलेल्या सेवा-श्वानाला हाक मारू नये, गोंजारू नये, खाऊ देऊ नये. त्याचे लक्ष विचलित झाले, तर त्याच्या मालकाचे पाऊल चुकू शकते.